शुक्रवारची पावणेदोनची नोंद

मंचरला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. खाली ट्रकच्या चाकाचे नट खोलायचं मशीन सुरू झालं की वर आमच्या टेबलावरचे कप थरथरतात. आम्ही पाच जण तिथे बसून सॉफ्टवेअर लिहितो. हे सांगितलं की पुण्यातल्या माझ्या जुन्या मैत्रिणी अजूनही विचारतात, "म्हणजे वेबसाइट बनवता का?" पूर्वी मी त्यांना समजावून सांगत बसायचे. आता सरळ "हो" म्हणते आणि विषय बदलते.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बटाट्याचं बेणं ठेवणारी कोल्ड स्टोरेजं. मालक एकच, शाखा तीन: मंचर, ओतूर आणि जुन्नर. ऊन तापायच्या आत शेतकरी बेण्याचे कट्टे, म्हणजे पोती, आणून ठेवतात आणि लागवडीच्या तोंडावर घेऊन जातात. मधल्या काळात कुणाचा माल कुठल्या खोलीत, कुठल्या लॉटमध्ये आहे ते आमचं सॉफ्टवेअर सांभाळतं. काउंटरवरच्या माणसाने "अमुक लॉट बाहेर काढा" असं कॉम्प्युटरला सांगितलं की त्या शाखेच्या हमालांच्या खोलीत चिठ्ठी छापून निघते, आणि हमाल ते कट्टे गारठ्यातून काढून बाहेरच्या शेडमध्ये आणून ठेवतात.

हे सॉफ्टवेअर दिवसभर जे जे करतं ते स्वतःच लिहून ठेवतं. त्याला लॉग म्हणतात. काही बिघडलं की आम्ही तो उघडून बघतो. तो कसा लिहायचा यावरून गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात पंधरा दिवस भांडण चाललं होतं.

भांडणाच्या एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला दादा. दादा आमच्यातले सगळ्यात जुने, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि कुठलीही गोष्ट चालू असेल तर तिला हात लावायचा नाही या मताचे. त्यांचं म्हणणं असं, की आपण जी भाषा वापरतो तिच्यात आणि कॉम्प्युटरमध्ये लॉग लिहायची सोय आधीपासून आहे. फुकट आहे, मुरलेली आहे, तीच वापरा. मला बाहेरची एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेलं तयार सॉफ्टवेअर, हवी होती. तिच्यात तिन्ही शाखांच्या नोंदी एका ठिकाणी जमायच्या, शब्द टाकला की अर्ध्या सेकंदात सापडायचा, चुकांना लाल रंग, सूचनांना पिवळा. दादांचा लॉग वाचणं म्हणजे तांदळातले खडे वेचण्यासारखं होतं. ओळीखाली ओळ, शेवटच नाही.

"ही बाहेरची लायब्ररी लिहिणारा माणूस उद्या कंटाळला तर?" दादा विचारायचे.

"नाही कंटाळत."

"तो राहतो कुठं, हे तरी माहीत आहे का मॅडमना?"

मला दादा "मॅडम" म्हणाले की समजायचं, आता थट्टा चालू आहे. मग माझा पारा चढायचा. मी तुमच्या लॉगपेक्षा टायरवाल्याचे पाठकोऱ्या कागदावरचे हिशोब बरे, असं म्हणायचे. बाकीचे तिघे अशा वेळी न चुकता वडापाव आणायला खाली जायचे. शेवटी मी जिंकले. माझं म्हणणं जास्त बरोबर होतं म्हणून नव्हे, माझा आवाज जास्त मोठा होता म्हणून. दोन दुपारी बसून मी नवा लॉग लावला. काय झालं, कुणी केलं आणि कधी केलं, या तीन गोष्टी प्रत्येक नोंदीत ठेवल्या. जुना लॉग बंद करून टाका, असं दादांना सांगितलं आणि हात झटकले.

आता चाचांबद्दल सांगायला हवं. मंचरच्या कोल्ड स्टोरेजच्या गेटवर जो काउंटर आहे तिथे चाचा बसतात. राहायला जुन्नरला, पेठेत. त्यांच्या भावाचं गाद्या भरायचं दुकान आहे. रोज सकाळच्या एसटीने येतात. नोंदवही होती तेव्हापासून, मधलं एक वर्ष सोडलं तर, ते त्या खुर्चीवर आहेत. पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले, तेही माझ्याकडून, आणि मी शिकवताना दोनदा चिडले तेव्हा त्यांनीच मला पाणी दिलं होतं. बेणं आलं की प्रत्येक कट्ट्यातला एक बटाटा काढून अंगठ्याच्या नखाने साल दाबून बघतात. शेतकरी म्हणतात, चाचांच्या हाताला गुण आहे, त्यांनी घेतलेलं बेणं नासत नाही. काउंटर दोन असले तरी रांग लागते चाचांच्याच समोर.

मे महिन्यातली गोष्ट. मंचरच्या वरच्या पठारावरचा एक शेतकरी पिकअप घेऊन आपलं बेणं न्यायला आला. त्याचा लॉट दोनशे चौदा. कॉम्प्युटर म्हणाला, हा लॉट आठ दिवसांपूर्वीच बाहेर काढलाय. शोधाशोध झाली, तर शेडच्या टोकाला त्याचे चाळीस कट्टे सापडले. आठ दिवसांच्या उन्हाने बटाटे मऊ पडले होते, खालच्या थरातून पाणी सुटलं होतं, वास येत होता. हमाल म्हणाले, चिठ्ठी आली म्हणून आम्ही काढले. नेणारा माणूस आला नाही, पण लग्नसराई आहे, गाडी मिळाली नसेल, येईल पाव्हणा उद्या-परवा, असं धरून कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे मे महिन्यात कोणतीही गोष्ट लांबली की लग्नावर ढकलतात, आणि दहापैकी नऊ वेळा ते खरंच असतं.

शेठ, म्हणजे मालक, यांनी त्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतासाठी ठेवलेलं बेणं देऊन वाटेला लावलं. त्याचा प्रश्न मिटला. मग शेठ खुर्चीत बसले आणि म्हणाले, हे कुणी केलं ते मला आजच्या आज पाहिजे.

तो शनिवार होता. मला आणि दादांना बोलावणं आलं. केबिनमध्ये शेठ होते, आणि दाराजवळ चाचा उभे होते. मी लॅपटॉप उघडला. माझा नवा लॉग पहिल्यांदाच खऱ्या कामाला लागत होता. मी दोनशे चौदा टाइप केलं, आणि अर्ध्या सेकंदात ओळ आली: लॉट बाहेर काढला, गेल्या आठवड्यातला शुक्रवार, दुपारी एक वाजून बेचाळीस मिनिटं. पुढे चाचांचं पूर्ण नाव.

मी स्क्रीन शेठकडे फिरवली. "हे बघा," मी म्हणाले. हे लिहायला मला आज लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला होता. बघा किती पटकन सापडलं, असा. दादांकडे एक नजरही टाकली.

शेठनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, "चाचा, तुमचंच नाव हाये."

चाचांनी पुढे येऊन स्क्रीन बघितली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला आणि पुन्हा बघितली.

"तुमचं बी वय झालं आता," शेठ म्हणाले. त्यांनाही ते जड जात होतं, पण रागाच्या भरात होते. "सोमवारपासून दुसरं माणूस बघतो मी गेटवर. तुमी घरी आराम करा."

"बरं," चाचा म्हणाले, आणि गेले.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. माझा आनंद तोवर ओसरला होता. इतक्या वर्षांचा माणूस एका ओळीवर घरी गेला होता आणि ती ओळ मी दाखवली होती. तरी मी स्वतःला समजावत होते, की लॉग खोटं कशाला बोलेल.

दादांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारता मारता थांबले. "किती वाजताची नोंद म्हणालीस?"

"एक बेचाळीस."

"वार?"

"शुक्रवार."

"अगं, शुक्रवारी पावणेदोनला चाचा नमाजला असतात."

मी कप खाली ठेवला. शुक्रवारी एक ते सव्वादोन चाचांचा काउंटर बंद असतो हे मंचरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खुर्चीवर पुठ्ठ्याची पाटी ठेवून जातात. मी स्वतः किती शुक्रवारी त्या पाटीसमोर तिष्ठत उभी राहिले आहे. मी ह्याच तालुक्यात लहानाची मोठी झाले. मला ती वेळ वाचताना कळायला हवं होतं, आणि मी बघत होते फक्त अर्धा सेकंद.

"मग कुणी केली ही नोंद?" मी म्हणाले.

"तुझ्या लॉगात कुणी केलं ते आहे. कुठून केलं ते आहे का?"

नव्हतं. लावताना मी तो रकाना मुद्दाम काढून टाकला होता. प्रत्येक ऑपरेटर आपापल्या शाखेत बसतो, नाव कळलं की जागा कळलीच, उगाच गर्दी कशाला, असा माझा हिशोब. एका ओळीचं काम होतं ते.

"ऑफिसला चल," दादा म्हणाले. "मी जुना लॉग बंद केलेला नाही."

"मी सांगितलं होतं ना बंद करा म्हणून!"

"मी ऐकतो का कधी?"

जुना, खड्यांचा तांदूळ आम्ही दोघांनी मिळून निवडला. तासभर लागला. शेवटी ती ओळ सापडली. कंटाळवाणी, बिनरंगाची, लांबलचक. त्यात वेळ होती, चाचांचं नाव होतं, आणि त्या लॉगची सवयच असल्यामुळे कुणी न सांगता कॉम्प्युटरचं नावही होतं. कॉम्प्युटर ओतूरचा होता.

मी दादांची माफी मागितली नाही. "गाडी काढा," मी एवढंच म्हणाले. ते हसले, म्हणजे त्यांना पोचलं.

नारायणगाव, आळेफाटा करत आम्ही ओतूरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. तिथल्या काउंटरवर एक पंचविशीतली मुलगी बसते. गेल्या वर्षी लागलेली, हुशार, दोन महिने मंचरला चाचांच्या हाताखाली शिकून गेलेली. मी तिला विचारलं, चाचांच्या नावाने तू कधी कॉम्प्युटर उघडतेस का?

"रोज उघडते की," ती हसून म्हणाली. "मॅडम, इथली माणसं ऐकतच न्हाईत. पावतीवर खाली नोंद करणाऱ्याचं नाव येतं ना, ते चाचांचं पायजे म्हणत्यात."

"का?"

उत्तर तिने दिलं नाही, काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याने दिलं. "आवो, हितली शाखा सुरू झाली तवा पैलं साल चाचा सोता बसलं व्हतं हितं. एक कट्टा नासला न्हाई. लई हातगुण माणसाला. मी तर सांगून ठिवलंय, चाचाचं नाव न्हाई तर कट्टा गाडीतून उतरायचा न्हाई."

"पण चाचा मंचरला असतात बाबा."

"असू दे की. नाव तर हितं हाय."

दादांनी तोंडावर रुमाल धरला. मलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण पुढचं मला दिसायला लागलं होतं. चाचांनी ओतूरची शाखा बसवली म्हणून त्यांच्या नावाने दोन्ही शाखा उघडतात, मात्र पहिली उघडते मंचर. बाकीचं तिला विचारत गेले तसं उलगडलं: ही मुलगी रोज आठवणीने ती बदलून ओतूर करायची. त्या शुक्रवारी जेवणाच्या वेळी तीन पिकअप एकदम आले, आणि ती बदलायला विसरली. लॉटचे नंबर तिन्ही शाखांत एकपासूनच सुरू होतात; ओतूरचा दोनशे चौदा समजून तिने मंचरचा दोनशे चौदा काढला. ओतूरला चिठ्ठी निघाली नाही, तर प्रिंटर रुसला असेल म्हणून तिने खिडकीतून हमालांना हाक मारली. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्याचं बेणं मिळालं, तो खुशीत गेला. आम्ही तिच्या कॉम्प्युटरवर बघितलं, ओतूरचा दोनशे चौदा अजून आत असल्याचं दिसत होतं. आत जाऊन बघितलं, तर जागा रिकामी.

मी तिला मंचरला काय झालं ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "मॅडम, चांगलं नाव म्हणून लावत व्हते मी. त्यांनाच लागंल हे डोक्यातच आलं न्हाई." आणि मग हळू आवाजात, "पासवर्ड चाचांनीच दिला व्हता. मीच मागितला."

ओतूरहून जुन्नर जवळ. आम्ही थेट पेठेत गेलो. चाचा भावाच्या दुकानात मांडी घालून बसले होते आणि हातभर लांब सुईने गादीला टाके घालत होते. आम्हाला बघून त्यांनी टाका पुरा केला, मगच मान वर केली. भावाला चहा सांगितला.

मी सगळं एका दमात सांगितलं. ओतूर, पावती, शाखा बदलायची राहिली ते. चाचांनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"वेळ वाचली तवाच समजलं. माझा पासवर्ड अजून कुनाकडं हाय?"

"मग बोलला का नाहीत? शेठसमोर?"

"नवी पोरगी हाय ती. तिची नोकरी गेली असती." त्यांनी दोरा दाताने तोडला. "आन् बेटा, तू मला इचारलंस कुठं? तू तर दाखवलंस."

दादा बाहेर रस्त्याकडे बघायला लागले. कॉम्प्युटर शिकवताना मी चिडले तरी ज्यांनी कधी आवाज चढवला नाही, त्या माणसाने पहिल्यांदा मला चार शब्द सुनावले होते आणि चारही बरोबर होते. माझे डोळे भरून आले. "चुकलं माझं," मी म्हणाले. चाचा म्हणाले, "चहा घे, गार व्हतोय."

रविवारी सकाळी मी शेठना फोन केला. मनात चारदा घोकून ठेवलं होतं, तरी बोलताना सगळं उलटसुलट झालं.

"मंग तुमच्या त्या नव्या लॉगनं तवा काय दाखवलं?" शेठ म्हणाले.

"मी जेवढं लिहायला सांगितलं होतं तेवढंच दाखवलं. चूक माझी आहे. चाचांची नाही, आणि त्या मुलीची विसरण्यापुरतीच. तिला काढू नका."

पावतीवरच्या नावाची गोष्टही सांगितली. मग शेठ मोठ्याने हसायला लागले. "चाचाचं नाव लावलं म्हनून बेणं नासलं! काय लोक हायेत, राव." हसणं थांबल्यावर म्हणाले, "चाचाला मी फोन करतो. तुमी नका करू. तो फोन मीच करायला पायजे." मुलगी राहिली. आणि लोकांची समजूत राखायची म्हणून असं ठरलं, की दर हंगामाच्या पहिल्या दिवशी चाचांनी ओतूरला जायचं आणि पहिला कट्टा स्वतःच्या हाताने आत ठेवायचा. त्या दिवशी शेठची गाडी न्यायला येणार. चाचांनी हे लगेच मान्य केलं.

लॉगचं भांडण मात्र मिटायला आणखी एक दुपार लागली. आता सॉफ्टवेअरमध्ये लॉग लिहायचा हुकूम दादांच्या, म्हणजे आतल्याच सोयीने दिला जातो, आणि तो साठवायचं, शोधायचं काम माझी बाहेरची लायब्ररी करते. उद्या तिचा कर्ता कंटाळला तर नुसती मागची लायब्ररी बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. जुना लॉगही कोपऱ्यात चालू आहे. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं असं दादा म्हणाले. मी म्हणाले, तुम्हालाही सुचलं नव्हतं. बाकीचे तिघे वडापाव आणायला खाली गेले.

सोमवारी मी सकाळी लवकर मंचरच्या गेटवर गेले. लॉगमध्ये कॉम्प्युटरचं आणि शाखेचं नाव आता येत होतं, आणि सगळ्यांचे पासवर्ड बदलायचे होते. चाचा एसटीने आले, खुर्ची झटकली, बसले. बाहेर दोन पिकअप आणि पाच-सहा शेतकरी आधीच रांगेत होते. मी चाचांना पासवर्ड बदलायचं पान उघडून दिलं आणि सवयीप्रमाणे शेजारी वाकून उभी राहिले, कुठे अडलं तर सांगावं म्हणून.

चाचांनी कीबोर्ड जवळ ओढला. पण टाइप केलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"बेटा, तोंड तिकडं कर."

मी वळले. रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. एकाने विचारलंही, "काय झालं, मॅडम?" मी "काही नाही" म्हणाले आणि शाळेत उभं केल्यासारखी हायवेकडे बघत उभी राहिले. मागे एकेक बटण सावकाश वाजत होतं. बराच वेळ वाजलं. मग थांबलं.

"हां," चाचा म्हणाले, "आता तुझ्या त्या लॉगमंदी माझ्या नावानं जे काय येईल, ते माझंच." आणि त्यांनी रांगेतल्या पहिल्या माणसाला हाक मारली.